दाणे टाकायला थांबणारी चाल

माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेली नाही. मला संशय आहे, आणि तुम्ही होतात तेव्हा होता तेवढाच आहे. तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तो निवायला हवा होता. पण परवा रविवारी तुमच्या बँडमधले इयन आणि मराइके घरी येऊन गेले आणि तो पुन्हा जागा झाला. म्हणून लिहायला बसले. महेश कामावर गेलाय, केतकी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आहे. चौथीपर्यंत जे शिकले त्यावर लिहितेय. माझं अक्षर तुम्हाला लागतं, पलटणीत असताना वाचायचात.

आधी लवंगांचं बोलू.

दर उन्हाळ्यात आपण तीन महिने इथे हॉलंडात, नायमेखनला, लेक-सुनेकडे यायचो, व्हिसा तेवढाच मिळायचा. पहिल्याच वर्षी तुमचे गुरुवार सुरू झाले. गावाकडे दिवसभर बनियनवर हिंडणारा माणूस गुरुवारी सहा वाजता स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करायचा. साडेनऊला परत यायचात. बाहेर अजून ऊन असायचं, आणि तुमच्या तोंडाला लवंगेचा वास.

"दात दुखतोय का?"

"नाही."

"मग लवंग?"

"अशीच."

अशीच लवंग कोण खातं? मी पुढे विचारलं नाही. मी पुढे विचारत नाही हे तुम्हाला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं, आणि तुम्ही जन्मभर त्याचा फायदा घेतलात. छातीत दुखतंय हेसुद्धा तुम्ही मला तिसऱ्या दिवशी सांगितलंत. महेशने हाउसआर्ट्सला, इथल्या घरच्या डॉक्टरला, फोन लावला तेव्हा मी किचनमध्ये होते, आणि मला कळलं ते त्याच्या आवाजावरून.

बँडमध्ये तुम्ही शिरलात ते मात्र लपवलं नाहीत. ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला पाठ आहे. जुलैमध्ये इथे चार दिवस मैलोन्मैल चालायला जगभरातून लोक येतात, आणि त्यांना जोर यावा म्हणून रस्त्याकडेला बँड वाजतात. तुम्ही दूध आणायला गेला होतात. कुठेतरी बॅगपाईप वाजत होता, तुमचा पलटणीतला. तुम्ही दूध विसरून गर्दीत उभे राहिलात आणि छत्रीच्या दांड्यावर तुमची बोटं आपोआप चालायला लागली. शेजारी एक उंच म्हातारा उभा होता. त्याने तुमच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, नुसती बोटं बघितली, आणि म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या भागात त्या पोरापेक्षा बरं वाजवताय." तो इयन.

पलटणीत वीस वर्षं तुम्ही मोठा पाईप फुंकलात, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. इयनने तुमच्या हातात दिला तो लहान. तोंडाने फुंकायचा नाही, कोपराखाली भाता दाबून वाजवायचा. घरी येऊन म्हणालात, "हे पाईपचं पिल्लू आहे. ह्यावर पलटण चालायची नाही, फार तर मांजर चालेल." आणि मग महिनाभर कोपर दुखतंय म्हणून माझ्याकडून तेल लावून घेतलंत.

त्या बँडचा सगळा इतिहास तुम्ही मला सांगितलात. इयन स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला मासेमारीच्या गावातला. तरुणपणी इथे वाल नदीवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायला आला आणि राहिला. मराइके इथलीच, फिडल म्हणजे व्हायोलिनच वाजवायची. दोघांनी एका सायकलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पाच जणांना जमवलं. सायकलवाला म्हणायचा, तुमच्या वाजवण्याने ट्यूबमधली हवा जाते. मग ते कॅफेच्या मागच्या खोलीत गेले. अकॉर्डियनवाला टिलबर्गला बदलून गेला, तरी मोठ्या कार्यक्रमाला यायचा. एकजण भांडून गेला आणि सात वर्षांनी काही न बोलता पुन्हा येऊन खुर्चीत बसला. हे सगळं तुम्ही मला भाजी निवडताना सांगायचात, एखाद्या पाहुण्याच्या घरातलं सांगावं तसं.

आणि त्यांचा नियम सांगितलात. त्यांच्यात कागदावर बघून वाजवत नाहीत. चाल कानावरून कानावर जाते. ज्याने नवीन चाल आणली त्याने आधी सगळ्यांसमोर सांगायचं, ही मी कुणाकडून घेतली आणि त्याने कुणाकडून घेतली. मग वाजवायची. इयनकडे एक जाड वही आहे, तीत ते लिहितात. चालीचं नाव, आणि पुढे माणसांची नावं, बापापासून आजोबापर्यंत जावीत तशी. तुम्हाला ते फार आवडलं होतं. म्हणालात, "बघ, त्यांच्यात चालीलासुद्धा कूळ विचारतात."

मी म्हटलं, "मग तुम्ही आणलीत का एखादी?"

तुम्ही म्हणालात, "आपलं काय, पलटणीतलं जुनंपानं."

तिथे तुमचा आवाज थोडा घाईचा झाला. मी भाजी निवडत होते, पण माझे कान उघडे होते.

चार वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी मी तुमच्या मागे आले. तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तुम्ही चढावरून पुढे, मी मागे, मध्ये बरंच अंतर. मनात मराइके होती. तुमच्या बोलण्यात तिचं नाव फार यायचं. मराइके असं म्हणाली, मराइके हसली, मराइकेने केक आणला. साठी उलटलेल्या बाईचा एवढा केक कशाला लागतो, असं मला वाटायचं. कॅफेच्या बाहेर सायकलींची रांग होती, तिच्यामागे मी उभी राहिले. काचेतून दिसत होतं. तुम्ही सगळे गोल करून बसला होतात. इयनसमोर छोटा ग्लास आणि तुमच्यासमोरही तसाच. लवंगांचा उलगडा झाला. त्याचं मला काही वाटलं नाही. मराइके तुमच्या शेजारी बसून डोळे मिटून फिडल वाजवत होती. त्याचंही फार वाटलं नाही, कारण तेवढ्यात मला ऐकू आलं की तुम्ही काय वाजवताय.

माझ्या आईची जात्यावरची चाल होती ती.

आमच्याकडे गिरणी आली ती मला महेश झाल्यावर. तोवर मी रोज पहाटे दळायचे. ओव्या हजार असतात, जिला जी सुचेल ती, पण चाल ज्या त्या घरची असते. माझ्या आईच्या चालीत तिसऱ्या ओळीच्या मध्यावर एक थांबा होता. सूर तिथे तुटायचा, आणि मग खालून पुन्हा उचलला जायचा. तो थांबा शोभेचा नव्हता. उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, डाव्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे. आईचा डावा हात लहानपणी मोडून वाकडा बसला होता, म्हणून तिला दाणे टाकायला जरा जास्त वेळ लागायचा. तो वेळ चालीत राहिला. माझे दोन्ही हात धड होते, पण मीही तेवढीच थांबायचे. कारण चालच तशी होती.

तुम्ही रजेवर यायचात तेव्हा पहाटे अंथरुणात जागे असायचात. तुमची ती सरावाची नळी ओठाला लावलेली असायची, पण फुंकत नव्हता. नुसती बोटं हलायची. मला वाटायचं, पलटणीचं काहीतरी घोकताय.

सायकलींच्या मागे उभी राहून मी तो थांबा ऐकला. अगदी तेवढाच लांब. पाईपच्या खालच्या नळ्यांचा एकसूर चाललेला, जात्याच्या घरघरीसारखा, आणि वर आईची चाल, आणि मध्ये तिच्या वाकड्या हाताएवढा थांबा. पाच परकी माणसं एकदम थांबली आणि एकदम पुढे निघाली.

मी घरी आले आणि मेथी चिरली. तुम्ही आल्यावर विचारलं, "आज काय वाजवलंत?"

तुम्ही म्हणालात, "जुनंच."

तेव्हा तुम्ही सांगायला हवं होतं. मी दार उघडून दिलं होतं. तुम्ही उंबऱ्यावरून परत गेलात.

मग गेल्या वर्षी चर्चच्या हॉलमधला कार्यक्रम. तुम्ही स्टेजवर, मी दुसऱ्या रांगेत महेश आणि केतकीच्या मध्ये. इयनने माईक घेतला आणि तुमच्या चालीबद्दल बराच वेळ बोलला. महेश माझ्या कानात सांगत होता. आमच्या हवालदारांनी, म्हणजे तुम्ही, ही चाल हिंदुस्थानच्या पलटणीतून परत आणली. जुन्या काळी आमचे पाईपवाले तिकडे गेले, त्यांच्याकडून तिथल्या शिपायांनी घेतली, आणि आता ती घरी आली. मधला थांबा ऐका, म्हणाला. आमच्याकडे बायका लोकरीचं ओलं कापड टेबलावर आपटत गातात, तिथे त्या कापड उलटतात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही भात्याचा पट्टा घट्ट करत होतात. तो आधीच घट्ट होता.

घरी येताना बसमध्ये महेश म्हणाला, "बाबा, भारी गोष्ट आहे हां ही. स्कॉटलंडहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून नायमेखनला!"

तुम्ही म्हणालात, "इयनला बोलायला आवडतं."

बस. तेवढंच. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मी मान्य करते. पण दुसरा खोटं बोलत असताना पट्टा आवळत बसलात. का, ते मी वर्षभर घोळवलं. एकदा वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटली. स्टेजवरच्या माणसाने कसं सांगावं, की ही चाल मी बायकोकडून घेतली, ती चौथी शिकलीय आणि तिने ती तिच्या आईकडून घेतली, तिने तर शाळाच पाहिली नव्हती? त्यापेक्षा पलटणीतला उस्ताद सांगितलेला बरा दिसतो. मग वाटायचं, कुठून आली हे तुम्ही विसरलातच असाल, झोपेत शिकलेलं माणूस विसरतं. आणि ज्या दिवशी तुम्ही मला चहाला साखर कमी म्हणायचात, त्या दिवशी वाटायचं, चोरलीत.

एक मात्र मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही. माझी आई आठवड्याच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही. मी तिची चाल गिरणी आली तेव्हा टाकून दिली. महेशला ऐकवली नाही, केतकीला ठाऊकही नाही. तुम्ही ती सांभाळलीत. त्या थांब्यासकट सांभाळलीत. चोर असलात तरी जळत्या घरातली वस्तू बाहेर काढणारे चोर. हे मी कॅफेबाहेर उभी असतानाच मनात म्हटलं होतं, आणि लगेच पुन्हा संशय आला होता.

आता रविवारचं.

मराइकेने घरी केलेला सफरचंदाचा केक आणला, इयन काठी टेकत आला. मला वाटलं पाईप न्यायला आलेत. तो इयनचा. मी तो आधीच पुसून, पेटीत घालून दाराशी ठेवला होता, मागायची वेळ येऊ नये म्हणून. त्यांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. इयनने पिशवीतून ती जाड वही काढली.

केतकी मध्ये बसली. "आई, ते म्हणतायत बँडला चाळीस वर्षं होतायत, तर ते एक पुस्तिका काढतायत. शुक्रवारी प्रिंटिंगला जाणार. सगळ्या चाली, कुणाकडून आल्या ते. बाबांच्या एका चालीपुढे काहीच लिहिलेलं नाहीये. तुम्हाला काही माहितेय का, असं विचारतायत."

पान माझ्यापुढे केलं. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण रिकामी जागा वाचता येते. बाकी सगळ्या ओळी भरलेल्या. तुमच्या ओळीत पेन्सिलीचं एक टिंब.

"नियम तर होता ना," मी केतकीला म्हटलं. "आधी सांगायचं, मग वाजवायचं. मग ह्यांना कसं वाजवू दिलं?"

इयन म्हणाला, केतकीने सांगितलं, "मी दर उन्हाळ्यात विचारायचो. हवालदार, कुणाची? ते म्हणायचे, अजून परवानगी घेतली नाही. मी म्हणायचो, मग वाजवता कशी? तर म्हणायचे, वाजवायला चालतं, लिहायला विचारावं लागतं. शेवटी उस्तादाची असेल असं मीच धरून चाललो."

मला पटलं नाही. नऊ उन्हाळे? एका घरात राहून, एका टेबलाशी बसून, मीठ दे म्हणता येतं आणि एवढं विचारता येत नाही? शिवाय माणूस गेल्यावर त्याच्या तोंडी लोक चांगले शब्द घालतात, हे मी गावाकडे पुष्कळ पाहिलंय.

"केतकी, त्याला विचार, हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलतोय का."

"आई! असं कसं विचारू?"

"असंच विचार."

तिने कानकोंडी होत विचारलं. इयन मोठ्याने हसला आणि मराइकेकडे बोट केलं. "बाईमाणसाला बरं वाटेल असं बोलणं मला चाळीस वर्षांत जमलं नाही. हिला विचारा." मराइकेने इतक्या जोरात मान हलवली की मलाही हसू आलं. तुमच्यानंतर पहिल्यांदा.

पण मी अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तुम्ही नऊ वर्षं गप्प बसलेले ठरता. न सांगितलं तर शुक्रवारी ते छापतील, जुनी स्कॉटिश चाल, आणि कायमचं तेच होईल. आणखी आठवड्याने तुमच्या अस्थी मिळतील, इथे महिनाभर देत नाहीत, आणि मग मी त्या घेऊन विमानात बसेन. पुढच्या उन्हाळ्याला मी येईन असं महेश म्हणतो. मला नाही वाटत. मग सांगणार कोण?

"त्यांना सांग," मी म्हटलं, "तिथे कापड उलटत नाहीत."

"काय?"

"सांग गं."

मी किचनमधून पोळपाट आणला, जमिनीवर बसले आणि उजवा हात त्यावर फिरवायला लागले. परक्या पुरुषासमोर मी कधी तोंड उघडलं नाही, तुम्हाला माहीत आहे. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. पहिली ओळ, दुसरी, तिसरीच्या मध्यावर थांबले, डावा हात उचलून नसलेले दाणे टाकले, आणि सूर पुन्हा उचलला. केतकी माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या फेरीला मराइके माझ्याबरोबर गुणगुणायला लागली. थांब्याच्या जागी आली तेव्हा तिचाही डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि मूठ उघडली.

इयनने कपाळावर हात मारून घेतला. "एवढं चुकीचं मी जन्मात बोललो नव्हतो," तो म्हणाला, "आणि तेही माईकवर!"

मी आईच्या मोडलेल्या हाताचंही सांगितलं. मग त्याने पेन काढलं.

आईचं नाव साळूबाई. केतकीने एकेक अक्षर सांगितलं, त्याने सावकाश लिहिलं. दुसऱ्या टोकाला तुमचं नाव होतंच. दोघांच्या मध्ये जागा राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं.

केतकी म्हणाली, "आई, आता तुमचं."

"माझं नको."

"अहो, असं काय? चाल तुमच्याकडूनच गेली ना बाबांकडे?"

"गेली. पण ते ह्यांनी विचारायचं होतं. जागा मोकळी ठेव म्हणावं."

केतकीने ते कसं सांगितलं कोण जाणे, बराच वेळ लागला. इयनने पेन बंद केलं. पेन्सिल काढून त्या जागेत टिंब दिलं, आणि पुस्तिकेतही तसंच छापेन म्हणाला. मधला माणूस गाळायची त्यांच्यात रीत नाही. माझ्यासाठी गाळला.

ते गेल्यावर केतकीने माझ्याजवळ बसून तीच ओळ दोनदा म्हणून घेतली. थांबा तिला अजून तेवढा लांब जमत नाही. घाई करते.

आणि मी अजून तिथेच आहे. परवानगी माझीच घ्यायची होती, की इयनला टाळायला तुम्ही तसं म्हणालात? लाज होती की भीड? तुम्हाला जाब विचारायची सोय राहिली नाही, म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका.

विचारलं असतंत, तर मी लगेच हो म्हटलं नसतं, तेही ऐका. नऊ वर्षांचं उट्टं काढलं असतं. आधी म्हटलं असतं, कशाला हवीय? मग म्हटलं असतं, आईला विचारून सांगते. आई जाऊन तीस वर्षं झाली हे तुम्हाला ठाऊक, तरी तुम्ही मान खाली घालून गप्प बसला असतात. दोन दिवस ताटकळत ठेवलं असतं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करताना, तुमच्याकडे न बघता म्हटलं असतं, न्या.